निळ्या बाटलीतलं मात्र

“अज्ञात परिचारिका,” भोपूने भिंतीवरच्या मोठ्या पडद्याखालची ओळ वाचली. त्याचा आवाज जन्मतःच भोंग्याच्या जातीचा असल्यामुळे ती ओळ दालनाच्या चारही भिंतींना ऐकू गेली. “काळ अज्ञात. स्थळ अज्ञात. प्रसन्न मुद्रा.”

“परत वाच,” वकील म्हणाली.

“का? ऐकू येत नाही?”

“ऐकू आलं. पटलं नाही. परत वाच.”

तिसरी, म्हणजे बारकी, पडद्याच्या अगदी पायथ्याशी मान वर करून उभी होती. फोटोतल्या बाईने पांढरी टोपी घातली होती, हाताची घडी घट्ट घातली होती, आणि हात न धुता दवाखान्यात शिरलेल्या माणसाकडे पाहावे तशी ती फोटो काढणाऱ्याकडे पाहत होती.

“ही आजी आहे,” बारकी म्हणाली. “आणि ती प्रसन्न नाहीये. ती भडकलीये.”

वकील आणि बारकी या सख्ख्या बहिणी. भोपू त्यांचा आतेभाऊ. सुट्टी लागताच दोघी आत्याकडे आल्या होत्या. कायद्याचे शिक्षण घ्यायला मोठीला अजून बराच अवकाश होता. पण ‘झोपायची वेळ झाली’ या विधानालाही ती पुरावा मागत असे, म्हणून घरच्यांनी वकील ही पदवी तिला आगाऊच बहाल केली होती. धाकटीला बारकी का म्हणत, ते दिसतच होते. न दिसणारी गोष्ट ही, की ती हाती येईल ते शेवटपर्यंत वाचत असे, अगदी औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठीसुद्धा.

तिघे ज्या इमारतीत उभे होते, ते शहराचे अभिलेखागार होते. जुनी पत्रे, कुटुंबांचे फोटो, रोजनिश्या असे सगळे जपून ठेवण्यासाठी ते बांधले होते. जपणे एवढेच त्या संस्थेचे काम. हे इथे स्पष्ट सांगितलेले बरे, कारण तिथल्या माणसांना त्याचा विसर पडला होता.

आजी दूरच्या इस्पितळात परिचारिका होती. मुले इकडे, आई तिकडे. त्यामुळे घरात पत्रांचा ढीग साठला. आजी गेल्यावर तो ढीग आणि सारे फोटो आत्याकडे आले. मग एके दिवशी अभिलेखागाराचे संचालक तिच्या घरी आले, चहा प्यायले, ‘संग्रह कधी फोडू नये, अखंड द्यावा’ असे म्हणाले, आणि आत्याने तो अखंड देऊन टाकला. वकील-बारकीच्या बाबांना हे कळले ते देऊन झाल्यावर. “आईला कपाटात कोंडून आलीस, आणि मला विचारलंही नाहीस,” एवढेच ते बोलले. तेव्हापासून बहीणभावांत अबोला होता. मुलींना बसमध्ये बसवतानाही त्यांनी आत्यासाठी एक शब्दाचा निरोप दिला नव्हता. आत्याला आता एकच आधार उरला होता: दिले ते सुरक्षित आहे. ते तसे नसेल, तर भावाचेच खरे होते. आणि मग तो पुन्हा कधी बोलेल, ही आशाही सोडायला हवी होती.

“पण आईनं प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं,” भोपू म्हणाला. “नाव, साल, गाव, सगळं. पेन्सिलींना टोक मीच करून देत होतो. मग अज्ञात कसं?”

“अभिनंदन, बालमित्रांनो,” मागून आवाज आला.

संचालक आले होते. त्यांच्या कोटाला सुरकुती नव्हती आणि बोलण्याला पूर्णविराम नव्हता. रविवारी या ‘पडदा-दालना’चे उद्घाटन होते. कागद पाहण्यासाठी आता कपाटे उघडावी लागणार नव्हती. सारे काही पडद्यावर दिसणार होते. समारंभात शाळकरी मुलांनी जुनी पत्रे वाचून दाखवावीत, अशी त्यांची कल्पना होती, आणि आत्याने या तिघांची नावे आनंदाने दिली होती.

“सर, ही आमची आजी आहे,” वकील म्हणाली. “तिला अज्ञात लिहिलंय.”

“अज्ञात असण्यातच तिची थोरवी आहे, बाळ. ती आता एका घराची राहिली नाही. ती आपल्या सर्वांचा वारसा झाली.”

“पण फोटोच्या मागे नाव आहे.”

“वारशाला नाव नसतं,” संचालक प्रेमळपणे म्हणाले, आणि त्यांनी तिघांच्या हातात छापील पाने ठेवली. “हं, तालीम सुरू करू. तू वाच, छोटी. तुमच्याच आजींचं पत्र निवडलंय.”

ते आजीच्या पत्राचे पडद्यावरून छापलेले चित्र होते. बारकीने वाचायला सुरुवात केली. आजीने आत्याला लिहिले होते. आत्या तेव्हा साधारण बारकीएवढीच होती आणि घरी आजारी धाकटा भाऊ होता. “‘बाळाला पुन्हा ताप चढला तर घाबरू नकोस. कपाळावर ओली घडी ठेव. पांढऱ्या बाटलीतलं औषध एक चमचा दे. निळ्या बाटलीतलं मात्र’”

बारकी थांबली. “पुढचं पान?”

“पुढे काही नाही,” संचालक हलक्या आवाजात म्हणाले. “आईचा कंठ दाटून आला. लेखणी थांबली. किती सूचक.”

“पण पान संपलंय. तिनं अगदी कडेपर्यंत लिहिलंय.”

“पान संपणं हेही एक रूपकच असतं.”

“निळ्या बाटलीतलं द्यायचं की नाही द्यायचं?”

संचालकांनी खिशातून एक गुळगुळीत पुस्तिका काढली. ‘अपूर्णतेचे सौंदर्य’ असे तिचे नाव होते आणि लेखक स्वतः संचालक होते. संग्रहातली जवळजवळ सगळी पत्रे अर्ध्या वाक्यात तुटतात, असे त्यांच्या ध्यानात आले होते. त्यावरून त्यांनी असा सिद्धांत मांडला होता, की त्या काळची माणसे भावनेच्या भरात पत्र मुद्दाम अपुरे सोडत. विद्वानांच्या सभेत या सिद्धांतावर टाळ्या पडल्या होत्या. पत्र उलटून पाहावे, असे मात्र त्या सभेतल्या एकाही विद्वानाला सुचले नव्हते.

“सुंदर आहे ना?” संचालक म्हणाले. “ठेव तुझ्याकडे.”

बाहेर पायऱ्यांवर बसून बारकीने तिघांची पाने एकापुढे एक मांडली. एका गवंड्याने बायकोला लिहिले होते: ‘घराची चौकट बसवायला माणूस पाठवतोय, त्याला आधी’. एका मुलीने मैत्रिणीला लिहिले होते: ‘आणि मग ताईच्या लग्नात काय झालं माहितीये, तो’. प्रत्येक वाक्य पानाच्या तळाशी येऊन तुटत होते.

“सगळ्यांचा कंठ शेवटच्या ओळीतच कसा दाटतो?” बारकी म्हणाली.

“मला तर त्या लग्नात काय झालं ते हवंय,” भोपू म्हणाला. “हा अन्याय आहे.”

वकील उठली. “ही चित्रं कोण काढतं, ते बघू या.”

चित्रे काढणारे यंत्र पहिल्या मजल्यावरच्या खोलीत होते. यंत्रावरच्या तरुणाने कानात गाणी लावली होती. त्याला ते तिघे ‘दादा’ म्हणाले, तेव्हा त्याने एका कानातले काढले. दुसऱ्या कानातले काढण्याइतके महत्त्वाचे कुणी खोलीत नव्हते.

“सोपं आहे,” तो म्हणाला. “कागद काचेवर ठेवायचा, झाकण लावायचं, बटण दाबायचं, कागद उचलायचा. एक वस्तू, एक चित्र. नियम आहे.”

“आणि मागची बाजू?” वकीलने विचारले.

“एक वस्तू, एक चित्र.”

“पण पत्राच्या मागेही लिहिलेलं असतं.”

“असेल की. मी वाचतो कुठे? वाचत बसलो तर काम कधी होणार?” त्याच्या स्वरात खेद नव्हता, उद्धटपणाही नव्हता. आपण विहिरीतून पाणी उपसतो आहोत आणि बादलीला बूड नाही, हे ज्याला कुणी सांगितलेच नाही, अशा माणसाची ती शांती होती.

“आणि चित्र काढून झालं की कागद कुठे जातो? कपाटात?”

“कपाटं काढून टाकली, तिथेच तर पडदे लागलेत. कागद तळघरात, हिरव्या गोण्यांत. रविवारी लगद्याच्या कारखान्याची गाडी येईल. सगळे समारंभात असतात ना तेव्हा, फाटक मोकळं मिळतं.”

भोपूने तोंड उघडले. वकीलने त्याच्या पायावर पाय दिला.

“लगद्याच्या म्हणजे, कागद भिजवून, कुटून…” बारकीचे वाक्य तिथेच अडले.

“हो, खोकी बनतात,” दादा म्हणाला. “मजबूत असतात.” आणि त्याने कानातले पुन्हा कानात घातले.

इमारतीच्या मागच्या अंगाला, जमिनीलगत, तळघराची जाळी होती. भोपू पोटावर झोपून आत डोकावला. आत पंप होता. पंपाचा नळ गळत होता. आणि गळणाऱ्या नळाखाली गोण्या रचल्या होत्या. शहराने जपण्यासाठी दिलेले सगळे आयुष्य तिथे पोत्यांत भरलेले होते. सर्वांत जवळची गोणी फाटली होती.

“माझा हात जाणार नाही,” भोपू म्हणाला.

बारकीचा गेला. तिने चाचपून जे बाहेर काढले, तो एका परक्या कुटुंबाचा फोटो होता: आई, वडील आणि ओळीने उभी मुले. टोकाच्या मुलीचा चेहरा पुसट आला होता. बारकीने फोटो उलटला. मागे निळ्या शाईत सगळ्यांची नावे होती आणि खाली लिहिले होते: ‘धाकटी हलली. तिला सांगितलं होतं हलू नकोस. तरी हलली.’

ओलाव्याने त्याच्या एका कडेला दुसरा एक फोटो चिकटला होता. बारकीने तो अलगद सोडवायला पाहिले, तर त्यावरच्या माणसाचा चेहरा कागदासकट निघून आला. ती निघालेला तुकडा बोटांत धरून बसली. मग तिने जाळीकडे पाहिले, आणि आजीचा फोटो ज्याने पाहिला आहे, त्याला ती नजर ओळखीची वाटली असती.

घरी पोचताच भोपूने आत्याला सगळे एका श्वासात सांगितले. त्याचा श्वास मोठा होता.

आत्याने हातातला पेला खाली ठेवला. “काहीतरीच. संचालक स्वतः घरी आले होते. एवढा शिकलेला माणूस खोटं बोलेल?”

“फोटो बघ ना, आई. हा गोणीतला आहे.”

“तो आपला नाहीये.”

“आपलेही तिथेच आहेत, आत्या,” वकील म्हणाली.

आत्याने संचालकांना फोन लावला. पलीकडून आवाज आला, मृदू, अखंड. फोन ठेवताना तिचा चेहरा निवळला होता, पण त्या निवळण्यात घाई होती. “लोखंडी कपाटात कुलूपबंद आहेत म्हणाले. झालं समाधान?”

“कपाट कुणी पाहिलं?”

“वकिली बंद कर,” आत्या एकदम ओरडली. मग खाली बसली. “अगं, तुम्ही म्हणता तसं असेल ना, तर तुझे बाबा बरोबर होते. मीच माझ्या हातांनी आईला…” तिने वाक्य पुरे केले नाही, आणि त्यात सौंदर्य मुळीच नव्हते.

मुले गच्चीत गेली.

“तिला ठाऊक आहे,” वकील म्हणाली. “मानायचं नाहीये.”

“मोठ्या माणसांचं हे बरं असतं,” भोपू म्हणाला. “आपण डोळे मिटले की म्हणतात अभ्यास कर. ते मिटतात तेव्हा विश्वास म्हणतात.”

“आता पोलीस?” त्यानेच पुढे विचारले.

“काय सांगायचं? की अभिलेखागारवाले आपलेच कागद आपल्याच तळघरात ठेवतात?” वकील येरझाऱ्या घालू लागली. “आरोप करायचाच नाही. आरोप केला की म्हणतील, मुलं आहेत, गैरसमज झाला, आणि खाऊ देतील. आपण फक्त त्यांनी दिलेलं वाचायचं. जसंच्या तसं. आणि जिथे संपतं तिथे थांबायचं.”

“मग?”

“मग गप्प उभं राहायचं. खाली उतरायचं नाही. सिद्धांत त्यांचा आहे, तो त्यांनाच सांभाळू दे.” तिने भोपूकडे पाहिले. “तुला गप्प राहता येईल?”

भोपूने विचार केला. “कठीण आहे,” तो प्रामाणिकपणे म्हणाला.

बारकी त्या दोघांत नव्हती. ती खालच्या खोलीत फोनवर बोलत होती.

“बाबा, तुम्हाला लहानपणी निळ्या बाटलीतलं औषध दिलं होतं का?”

“हे काय मध्येच?”

“आजीच्या पत्रात वाक्य तुटलंय. ‘निळ्या बाटलीतलं मात्र’ आणि पुढे काही नाही.”

“पुढे आहे. पान उलट.”

“इथे कुणी उलटलंच नाही, बाबा. आणि आता ती पत्रं रविवारी लगद्याला जाणार आहेत. आत्याला पटत नाहीये. तिला भीती वाटते.”

“कशाची?”

“तुमची,” बारकी म्हणाली, आणि फोन ठेवला.

रविवारी दालन गच्च भरले. ज्यांनी ज्यांनी घरातले कागद दिले होते, ती सगळी माणसे नीटनेटक्या कपड्यांत आली होती. आपले आईवडील पडद्यावर पाहायला मिळणार म्हणून हरखली होती. प्रमुख पाहुण्या होत्या निवृत्त न्यायाधीशबाई: किडकिडीत, ताठ, आणि भाषणे ऐकताना डोळे मिटून घेणाऱ्या. त्या झोपल्या आहेत असा समज करून घेणे अनेक वकिलांना आजवर महागात पडले होते.

फीत कापली गेली. संचालक वारशावर बोलले; वारसा थकला तरी ते बोलतच राहिले. आत्या दुसऱ्या रांगेत, मांडीवर हात घट्ट धरून बसली होती. खिडकीतून वकीलला फाटक दिसत होते. फाटकातून एक मालगाडी मागे मागे येत तळघराच्या दाराशी लागत होती.

“आता आपले बालकलाकार,” संचालक म्हणाले.

भोपू पुढे आला. त्याला ध्वनिक्षेपकाची गरज नव्हती. “‘घराची चौकट बसवायला माणूस पाठवतोय, त्याला आधी’”

आणि तो थांबला.

सभागृह वाट पाहू लागले. एका काकांनी खाकरून घेतले. भोपू छातीत हवा भरून, गाल फुगवून, गप्प उभा होता. त्याच्या आयुष्यातले ते सर्वांत अवघड काम होते.

“अपूर्णता,” संचालक हसून म्हणाले. “हाच तो नाजूक क्षण.”

थोड्या टाळ्या झाल्या. भोपू खाली उतरला नाही. त्याच्या शेजारी वकील येऊन उभी राहिली. “‘आणि मग ताईच्या लग्नात काय झालं माहितीये, तो’”

तीही थांबली. आता माणसे एकमेकांकडे पाहू लागली. “तो काय?” मागून एक बाई न राहवून म्हणाल्या, आणि हशा पिकला. न्यायाधीशबाईंचा एक डोळा उघडला.

मग बारकी आली. “हे आमच्या आजीचं आहे,” ती म्हणाली. “आजी परिचारिका होती. ‘बाळाला पुन्हा ताप चढला तर घाबरू नकोस. कपाळावर ओली घडी ठेव. पांढऱ्या बाटलीतलं औषध एक चमचा दे. निळ्या बाटलीतलं मात्र’”

या वेळी कुणी हसले नाही. ज्यांच्या घरात लहान मूल होते, ती माणसे खुर्चीत पुढे सरकली.

“मात्र काय?” न्यायाधीशबाईंनी विचारले. आता दोन्ही डोळे उघडे होते.

“मॅडम, भावनेच्या आवेगात त्या मातेची लेखणी…” संचालक सुरू झाले.

“मी त्या मुलीला विचारलं. मात्र काय?”

“मला माहीत नाही,” बारकी म्हणाली. “सर म्हणतात, आजीनं मुद्दाम अर्धं सोडलं.”

“आजारी मुलाच्या औषधाबद्दल? परिचारिकेनं?”

“त्या काळी तशी परंपराच होती,” संचालक म्हणाले. “माझ्या पुस्तिकेत मी सविस्तर…”

“ते बाळ मी आहे,” दाराशी कुणीतरी म्हणाले.

प्रवासाची पिशवी खांद्याला अडकवून बाबा उभे होते. बसच्या धुळीने त्यांचे केस राखाडी झाले होते. “ते बाळ मी आहे, आणि मी जिवंत आहे. म्हणजे ते वाक्य पुरं झालं होतं. ज्यानं पुरं वाचलं, त्याच्यामुळे मी जिवंत आहे.” त्यांनी दुसऱ्या रांगेकडे पाहिले. “ताई, तू सांग.”

आत्या उठली. “पत्राला मागची बाजू होती,” ती म्हणाली. “‘निळ्या बाटलीतलं मात्र चुकूनही देऊ नकोस. ते वरून लावायचं आहे. पोटात गेलं तर विष आहे. बाटली उंच फळीवर ठेव. तू लहान आहेस हे मला माहीत आहे, पण घरात वाचता येणारी तूच आहेस.’ मी ते पत्र इतक्या वेळा वाचलंय की मला कागद लागत नाही.” मग ती संचालकांकडे वळली. “तुम्हाला कागद लागतो. तुम्ही तो उलटला नाहीत?”

संचालकांनी कोट सावरला. “मौखिक परंपरेचा किती हृद्य…”

“पत्र आणा,” न्यायाधीशबाई म्हणाल्या. “अर्धी साक्ष ऐकून मी कधी निकाल दिला नाही. मूळ पत्र इथे आणा.”

“अवश्य. लोखंडी कपाटात आहे. फक्त किल्ली आज…”

भोपूच्या गालांत इतका वेळ कोंडलेली हवा अखेर बाहेर पडली. “कपाटच नाहीये! सगळ्यांची पत्रं तळघरात गोण्यांत आहेत, आणि बाहेर लगद्याची गाडी भरतीये!”

मग खुर्च्या कोसळण्याचा आवाज झाला.

गाडीवाल्यांनी निम्म्या गोण्या चढवल्या होत्या. एवढी सजलेली माणसे आपल्या अंगावर धावून येताना पाहून ते हातातली गोणी टाकून बाजूला झाले. “आम्हाला रद्दी म्हणून सांगितलंय,” त्यांच्यातला थोरला म्हणाला, आणि ते खरेच होते. न्यायाधीशबाई काही न बोलता गाडीच्या मागच्या फळीवर चढून बसल्या.

“गाडी हलवायची असेल तर आधी मला हलवा,” त्या म्हणाल्या.

पहिली गोणी उघडली, तेव्हा वास आला: ओल्या कागदाचा, बुरशीचा. एक म्हातारे गृहस्थ दोन चिकटलेले फोटो हातात घेऊन पाहत राहिले. दोन्हींतले चेहरे एकमेकांवर उतरून नाहीसे झाले होते. त्यांनी ते कुणाला दाखवले नाहीत. खिशातही ठेवले नाहीत. नुसते धरून उभे राहिले. जे वाचले त्याचा आनंद पुष्कळ लोकांनी केला. जे गेले त्याची मोजदाद कुणी केली नाही, आणि ती करता येणारही नव्हती, कारण त्यांची नावे मागच्याच बाजूला होती.

यंत्रावरचा दादा फाटकाशी आला होता. त्याने आज दोन्ही कानांतले काढले होते. “मला नियम सांगितला होता,” तो म्हणाला.

“मग आता मी सांगते,” वकील म्हणाली. “गोण्या वर न्यायच्या, दालनात. उचल.”

त्याने उचलली.

दालनातल्या खुर्च्या भिंतीला लागल्या, फरशीवर चादरी अंथरल्या गेल्या, आणि शहर गुडघ्यांवर बसून आपली पत्रे वाळवू लागले. गवंड्याच्या नातीला चौकट बसवणाऱ्याला आधी काय द्यायचे ते सापडले: जेवण. ताईच्या लग्नात काय झाले ते मात्र भोपूला मिळाले नाही; त्या पानाचा लगदा कारखान्याआधी नळानेच करून टाकला होता. त्या गोळ्याकडे पाहत तो पहिल्यांदाच अगदी हळू बोलला. “आता हे कुणालाच कधी कळणार नाही.”

कोपऱ्यात आत्या आणि बाबा समोरासमोर बसले होते. त्यांच्यामध्ये आजीचे पत्र होते. दर्शनी बाजूची शाई पाण्याने पसरून निळा डाग झाला होता. मागची बाजू जवळजवळ शाबूत होती.

“मला विचारायला हवं होतंस,” बाबा म्हणाले.

“हो.”

“मी नाहीच म्हटलं असतं.”

“म्हणून तर विचारलं नाही,” आत्या म्हणाली. बाबांनी तिच्याकडे रागाने पाहिले, आणि तो राग आता निदान समोरासमोर तरी होता. “मघाशी पाठ बरोबर म्हटलंस का बघ,” असे म्हणून त्यांनी पत्र तिच्याकडे सरकवले.

एवढ्यात संचालकांना ध्वनिक्षेपक सापडला. वार्ताहर आलेले पाहून त्यांच्या आवाजाला पुन्हा पालवी फुटली. “मित्रहो, आज आपल्या अभिलेखागाराच्या प्रेरणेनं या चिमुकल्यांनी वारशाविषयी जी जागरूकता दाखवली, त्याबद्दल त्यांच्यासाठी जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या.”

टाळ्या वाजल्या नाहीत. प्रत्येकाच्या दोन्ही हातांत ओले कागद होते.

“उद्या माझ्याकडे या,” न्यायाधीशबाई फरशीवरूनच त्यांना म्हणाल्या. “तुमची पुस्तिका घेऊन. आणि सही तुमची आहे त्या सगळ्या आदेशांच्या प्रती घेऊन. मी शेवटपर्यंत वाचते.” मग त्या बारकीकडे वळल्या. “मुली, आयुष्यभर मी साक्षीदार तपासले. एक साधा प्रश्न न सोडणारं माणूस फार क्वचित भेटलं. तुला आणि तुझ्या या दोन्ही सहकाऱ्यांना माझी शाबासकी.”

“शाबासकी नंतर,” बारकी म्हणाली. ती गुडघ्यांवर होती आणि तिचे हात कोपरापर्यंत शाईने निळे झाले होते. “तुमच्या हातातलं उलटा आधी. खालची बाजू अजून ओली आहे.”

न्यायाधीशबाईंनी पत्र उलटले, आणि चष्मा लावून वाचू लागल्या.